नात्याचा रकाना

महाळुंगे
९ मार्च २०२५, रविवार

उद्धवराव,

वर नमस्कार आणि खुशाली घालतात, ती मी घालत नाही. खुशाल असते तर पत्र लिहायला बसले असते का?

मुंबईला उतरल्या उतरल्या फोनवर जे बोलले ते बोलले. तुमच्या ‘नाही’चं लोणचं घाला म्हणाले, परत फोन करू नका म्हणाले. तुम्ही केला नाहीत. एरवी माझं एक ऐकत नाही, हे बरं ऐकलंत.

पण फोन आता मलाही नको. सव्वादोन वर्षं आपण एकमेकांना आवाज पाठवत होतो, कारण मला लिहायला वेळ लागतो आणि तुम्हाला चष्मा सापडत नाही. तिकडच्या विमानतळावर त्या लोकांनी माझा फोन टेबलावर ठेवला आणि एकेक आवाज लावला. दुसऱ्या फोनवर पलीकडे एक हिंदी बोलणारी बाई होती. ती ऐकायची आणि साहेबबाईला इंग्रजीत सांगायची. तुमचा खोकला तिनं ऐकला. संक्रांतीला तुम्ही जे बोललात तेही ऐकलं. मी टेबलाचा कोपरा बघत बसले. म्हणून आता कागद. कागद कुणी वाचला तर पाकीट फाटलेलं तरी दिसतं.

तुम्ही बाहेर होतात. आत काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगते.

सायलीनं महिनाभर माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. पोरगी कंपनीत क्वालिटीला आहे ना, आईचीही तपासणी. वहीत सतरा प्रश्न, खाली उत्तरं. मी पोळ्या लाटायची, ती ओट्यावर बसून साहेब व्हायची.

“पर्पज ऑफ व्हिजिट?”

“उद्धवरावांना बघायला.”

“आई! टुरिझम म्हणायचं. इंग्लंड बघायला आलेय. राजवाडा, नदी, मोठं घड्याळ.”

“घड्याळ बघायला एवढ्या लांब? आपलं बंद पडलंय व्हय?”

“आणि ऐक, तिथं लग्नाचा ल काढायचा नाही. हा फिरायला जायचा व्हिसा आहे. लग्न करणार का विचारलं तर नो. चेहरा असा करू नकोस. नो.”

इंदुताई खानावळीचा कांदा चिरत होती. ती म्हणाली, “म्हंजी बाई चाललीय त्याच्यासाठी, आन् सांगायचं काय, तर त्याच्यासाठी न्हाईच. आगं, मी असं माज्या सासूला फसवलं न्हाई कधी.”

फसवायचं नव्हतंच उद्धवराव. एक महिना तिथं राहून बघा, हवा सोसते का बघा, मग दिवाळीत मी येतो आणि चाकणला आपण सह्या करू, हे तुमचंच बोलणं. सहा वर्षं माझ्या खानावळीत जेवलात तेव्हा हे तोंडातून निघालं नाही. कंपनीनं साता समुद्रापार मशीनला डाय बसवायला पाठवलं तेव्हा निघालं. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं, तुमची बायको जाऊन अकरा. कुणाची चोरी नव्हती. तरी फॉर्म भरताना रविराज कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, “मावशी, नात्याच्या रकान्यात काय टाकू?” तर आपण दोघांनी ठरवून काय सांगितलं? फ्रेंड. तो गालातल्या गालात हसला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईचा फ्रेंड.

पहिल्या खिडकीवर सगळं नीट म्हटलं मी. टुरिझम. फ्रेंड. वन मंथ. पण बॅग उघडायला लावली. त्यात पोळपाट-लाटणं, काळा मसाला, येसर, आणि खानावळीतला मोठा डाव. रविवारी तुमच्या कंपनीतल्या सगळ्या पोरांना जेवायला बोलवू असं तुम्हीच म्हणाला होतात. साहेबबाई सायलीएवढी असेल. तिनं डाव हातात धरून बघितला, किती माणसांसाठी असं खुणेनं विचारलं. मी दोन्ही हात पसरले. पुष्कळ.

मग आतल्या खोलीत नेलं. तुम्हाला बाहेर फोन लावला. आणि मग त्या परक्या बाईच्या तोंडून मी ऐकलं, “उद्धवजी ने कहा है, शादी का कोई इरादा नहीं है.”

सायलीच्या वहीत तेच उत्तर होतं हे मला कळतं. एवढी अडाणी नाही मी. पण वहीत ते माझ्या तोंडचं होतं. मला ते म्हणता येईना, महिनाभर घोकून. तुमच्या तोंडी न घोकता इतकं सरळ कसं आलं?

मला जे विचारलं ते मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवून दिलं. बाहेर फार थंडी होती म्हणतात. मला काय माहीत, मी बाहेर पडलेच नाही.

शालन


महाळुंगे
१३ एप्रिल २०२५

उद्धवराव,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. ‘तुम्ही त्यांना माझ्याविषयी नेमकं काय सांगितलंत?’ खाली सही. कंपनीची नोटीससुद्धा यापेक्षा लांब असते.

तरी बरं विचारलंत. मागच्या पत्रात खरं सांगितलं असं मी लिहिलं. त्यांना खरंच सांगितलं, पण तुम्हाला सगळं लिहिलं नाही. चार दिवस पेन घेऊन बसतेय आणि उठतेय. सायली म्हणते काय लिहितेस, मी म्हणते किराणा.

आतल्या खोलीत बसवल्यावर साहेबबाईनं एक कागद पुढे केला. त्यावर सगळ्या भाषांची नावं, प्रत्येक नाव आपापल्या अक्षरात. मी मराठीवर बोट ठेवलं. तिनं फोन लावला, बोलली आणि दोन बोटं दाखवली. मराठी माणूस मिळायला दोन तास. मग हिंदीवर बोट ठेवून म्हणाली, नाऊ. आत्ता.

तुम्ही बाहेर उभे. आधीच विमान उशिरा. दोन तास कशाला घालवायचे? मी म्हटलं, “हिंदी चलेगा. जल्दी करो.”

इथंच माती खाल्ली. माझी हिंदी म्हणजे काय? भात मंगता क्या, थाली उधर रखने का. खानावळीत येणाऱ्या बिहारी पोरांना कळते, कारण त्यांना भूक लागलेली असते.

फोनवरची बाई चांगली होती. आवाज मऊ होता. आधी म्हणाली, घबराइए मत. दिवसभरात कुणी माझ्याशी कळेल असं बोललं ते पहिलंच. मला वाटलं, हिला तरी फ्रेंड-बिंड सांगायला नको. बाईमाणूस आहे, तिला कळेल. तिनं विचारलं, “उद्धवजी आपके कौन हैं?” आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “मालक हैं.”

तुमच्या समोर मी तुम्हाला कधी तसं म्हटलं नाही. नऊ वर्षांत तो शब्दच तोंडात आला नव्हता. आमच्याकडं बाई नवऱ्याला दुसरं काय म्हणते? मालक शेतावर गेलेत, मालक जेवलेत. माझी आई म्हणायची, सासू म्हणायची, मी म्हणायची. फ्रेंड म्हणायची लाज वाटली, नवरा म्हणायला लग्न नाही, म्हणून आतून जो आला तो शब्द.

ती म्हणाली, “मालिक?”

“हां, मालक.”

“आप उनके यहाँ काम करती हैं?”

मला वाटलं, घरचं काम करता का असं विचारतेय. म्हटलं, “हां, छे साल से खाना मैंच देती.”

“पैसे देते हैं आपको?”

“पहले देते थे. अब कायको लेने का उनसे?”

“यहाँ भी वही काम करेंगी?”

“और कौन करेगा?”

उद्धवराव, आता लिहिताना एकेक उत्तर खोडावंसं वाटतंय. तेव्हा मला एवढं बरं वाटत होतं की विचारू नका. सगळं पटापट चाललंय, बाईला पटतंय, आता सोडतील. मग त्यांनी तुमचे आवाज लावले. त्यातला संक्रांतीचा, ‘एकदा या तर खरं, परत सोडतो व्हय मी तुम्हाला?’ तो तीन वेळा लावला. फोनवरची बाई तिसऱ्या वेळेला एकदम हळू बोलायला लागली. साहेबबाईनं पेन खाली ठेवलं. माझ्या अंगावर पांघरूण आणून घातलं, दूध घालून चहा दिला. मला वाटलं माझ्यावर विश्वास बसला म्हणून चहा.

मग फोनवरून आलं, “डरिए मत, सच बताइए. वो आपको मारते हैं?”

मी हसले. तुम्ही आणि मारणार. भाजीत अळी निघाली तर पान बाजूला करून उरलेली खाणारा माणूस. मी हसले आणि ते त्यांनी लिहून घेतलं.

मालक म्हणजे त्यांनी काय धरलं ते मला घरी आल्यावर सायलीनं सांगितलं. परत पाठवताना त्यांनी हातात दिलेल्या कागदावर लिहिलेलं तिनं वाचलं, मग कपाळाला हात लावून जमिनीवरच बसली. त्यांना वाटलं तुम्ही मला कामाला ठेवलंय. पगार न देता. आणि परत सोडणार नाही आहात.

हे मी नेमकं सांगितलं. तुम्ही विचारलंत म्हणून.

तुमच्यावर काही आलं का? लिहा. दोन ओळी लिहा या वेळी.

शालन


महाळुंगे
१५ जून २०२५

उद्धवराव,

हे पत्र जयदीपच्या हातून देतेय. पोरगा सुट्टीवर आला तो तुमच्या खोलीतला आहे म्हणून मीच त्याला जेवायला बोलावला. बोलता बोलत नव्हता. तिसऱ्या पोळीला बोलला.

तुम्ही सात तास उभे होतात, हातात माझ्यासाठी बायकांचा कोट घेऊन. मग दोन साहेब आले, तुम्हाला त्या कोटासकट आत नेलं. घरात अजून किती बायका ठेवल्यात असं विचारलं. तुम्ही आधी हसलात म्हणे. आपल्या दोघांनाही कुठं हसू नये ते कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात ते खोलीवर आले, कपाटं उघडून बघितली. कंपनीच्या ऑफिसात बोलावणं झालं. सगळं खोटं निघालं, तुम्हाला सोडलं, हे जयदीपनं चार वेळा सांगितलं. पण मग त्यानं ते दुसरंही सांगितलं, की तिथं कारखान्यात पोरं तुम्हाला मालक म्हणतात. “काय मालक, चहा घेणार का?” “मालक, आज खाना कौन देगी?”

मी त्याला म्हटलं, “तू म्हणतोस का?”

तो ताटात बघायला लागला. चौथी पोळी मी त्याला वाढली नाही.

आणि ‘नाही’चं त्यानं सांगितलं. तुम्ही खोलीवर आल्यावर म्हणालात, मी वहीतलं उत्तर दिलं, मला वाटलं बाई पण तेच देतील. म्हणजे सायलीची वही तुमच्याकडंही होती. पोरीनं मला न सांगता तुम्हाला फोटो पाठवला होता. दोघांची उत्तरं जुळावीत म्हणून. तुम्ही पाठ केलेलं म्हटलंत, मी म्हटलं नाही. एवढंच झालं. मी तीन महिने त्या एका शब्दावर तुम्हाला शिव्या घालतेय आणि तुम्ही नुसते नीट अभ्यास केलेले विद्यार्थी.

माफी मागायची मला सवय नाही. नवऱ्याची कधी मागितली नाही, ती मागायची राहूनच गेली. तुमची मागते. तुमच्या वयाच्या माणसाला पोरांनी हसावं असा शब्द मी परक्या देशात टाकून आले. तो माझ्या तोंडात मायेचा होता, पण तुमच्यापर्यंत काय पोचलं ते पोचलं.

आता कामाचं. सायलीनं एका वकिलीणबाईला विचारलं. त्या लोकांना सगळा खुलासा लिहून पाठवायचा, दोघांच्या सह्यांनी, म्हणजे तुमच्या नावावरचं आणि माझ्या नावावरचं ते किटाळ निघेल. रविराजनं टाइप केलं. नात्याच्या रकान्याशी तो परत थांबला. मी म्हटलं, “टाक, होणारा नवरा.” या वेळी तो हसला नाही. म्हणाला, “मावशी, कागदावर एकदा गेलं की गेलं हं.” मी म्हटलं, “तुला टाकायला सांगितलंय, विचार करायला नाही.”

माझी सही केलीय. शेजारची जागा तुमची. जयदीप जुलैत परत जाईल तेव्हा हा कागद तुम्हाला देईल. नुसता किटाळ काढायचा कागद म्हणून सही करू नका. रकाना वाचा, मग करा. नसेल करायची तर तसं लिहा. मी खानावळ चालवते, नको म्हणणारी माणसं रोज बघते.

शालन


महाळुंगे
२१ सप्टेंबर २०२५

उद्धवराव,

कागद आला नाही.

तुम्ही आलात. मला इंदुताईनं सांगितलं, तिला तिच्या जावयानं, जावयाला कंपनीच्या गेटवरच्या माणसानं. तिकडची मुदत वाढवली नाही, तुम्हाला परत पाठवलं, तुम्ही नोकरीच सोडली. गेल्या सोमवारी चाकणच्या प्लँटला येऊन कागदपत्रं दिलीत, दुपारी फाट्यावरच्या हॉटेलात जेवलात आणि गावाकडं, उदगीरच्या गाडीला बसलात.

फाट्यापासून माझी खानावळ रिक्षानं दहा मिनिटं. त्या दिवशी काय होतं सांगू? वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी. तुमच्यासाठी नाही, सोमवारी असतंच.

नोकरी माझ्यामुळं गेली का ते मला माहीत नाही. जयदीप फोनवर म्हणतो तसं नाही, ऑर्डरच कमी झाल्यात. तो चांगला पोरगा आहे, त्यामुळं त्याचं खरं धरता येत नाही.

तुम्ही तिकडं होतात तेव्हा मला वाटायचं, मधे विमान आहे, व्हिसा आहे, साहेबबाई आहे. आता वल्लभनगरच्या स्टँडवर जाऊन तिकीट काढायचं, एवढंच आहे. कुणी बॅग उघडत नाही, कुणी सतरा प्रश्न विचारत नाही. आणि मी आठवडाभर नुसती ठरवतेय.

दिवाळी झाली की येते. हे कळवण्यासाठी लिहिलं. येऊ नका म्हणायचं असेल तर पत्ता तुमच्याकडं आहे.

शालन


महाळुंगे
४ नोव्हेंबर २०२५

उद्धवराव,

रविवारी रात्री नीट पोचले. सोमवारी चाळीस डबे गेले. लिहायला आज वेळ मिळाला.

तुमच्या भावजयीनं दार उघडलं. ती चांगली आहे हो, तिच्यावर राग नाही. पदर खोचलेला, हात पिठाचे. म्हणाली, “कोन पायजे? कुणीकडून आलाव?” मी म्हटलं, “चाकणहून.” तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “उद्धवभावजींच्या कोन तुम्ही?”

गाडीत नऊ तास बसून मी हाच प्रश्न घोकत होते. या वेळी बरोबर उत्तर द्यायचं, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत. मधे कुणी नाही, चुकायला जागाच नाही. मागं ओसरीवर तुम्ही बसलेले दिसत होतात. फवारणीचा पंप उघडून पुढ्यात मांडला होतात. तुम्ही मान वर केलीत.

मी म्हटलं, “ओळखीची.”

का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. परक्या देशात, परक्या बाईपुढं, पकडलेल्या चोरासारखी बसलेली असताना मी तुम्हाला मालक म्हणू शकले. तुमच्या उंबऱ्यावर नाही म्हणता आलं. मला वाटलं, आता तुम्ही उठाल. मी चुकले तर तुम्ही दुरुस्त कराल.

आतून तुमच्या थोरल्या भावानं विचारलं, “कोन रं उद्धव?”

तुम्ही म्हणालात, “चाकनच्या बाई हायत. खानावळ हाय त्यांची. मी जेवायला होतो तितं.”

त्यात एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच मला भांडता आलं नाही. तुमच्या भावानं हात जोडले. म्हणाले, “लई उपकार तुमचे, आमच्या मानसाला इतकी वर्षं खाऊ घातलंत.” भावजयीनं पाट मांडला, मला पाहुणी म्हणून आधी बसवलं. मी दुसऱ्याच्या हातचं जेवले, तुमच्या समोर, आणि तुम्ही एकदाही माझ्या ताटाकडं बघितलं नाही. तिनं विचारलं, मुलंबाळं किती, मी म्हटलं, एक मुलगी. विचारलं, मालक काय करतात. मी म्हटलं, नाहीत.

फाट्यापर्यंत सोडायला आलात तेव्हा तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी हळू चालत होते. मी हळू चालते कधी? तुम्ही म्हणालात, “शालनबाई, त्या दिवशी तितं आत नेल्यावर मी सगळं खरं सांगनार होतो. ऐकायलाच कुनी तयार नव्हतं.”

“आणि आज?”

“आज घर होतं.”

एक ट्रॅक्टर गेला, आपण दोघं बाजूला झालो. तुम्ही शर्टाच्या खिशातून तो कागद काढलात. चार घड्या, घामानं मऊ झालेला. जुलैपासून खिशातच ठेवला होतात म्हणालात. सही नव्हती. फाडलेलाही नव्हता. म्हणालात, “वाचला मी. रकाना पन वाचला. रोज वाचलालो. हात उठना. पोरं हसली त्याचं काय नाई. पन तिकडून हात हलवत आलो, नोकरी गेली, आन् आता बायको आनली म्हनून भावाच्या दारात कसं उभारू?”

मी म्हटलं, “माझ्या दारात उभं राहायचं होतं.”

तुम्ही म्हणालात, “तितं सगळे मला मालक म्हनतील.”

तुम्ही ते थट्टेनं म्हणाला नव्हतात. तुमच्या डोळ्यात पाणी होतं आणि मी बघितलं नाही असं केलं, ते तुम्हाला कळलं. गाडी आली. कागद मी तुमच्या हातातून काढून घेतला. तुम्ही विचारलंत, परत कधी येणार. मी म्हटलं, बघू. गाडी सुटत होती, कंडक्टर ओरडत होता, त्याच्यापुढं काय सांगायचं म्हणून बघू म्हटलं. इथं लिहिते. येणार नाही. तुम्हीही इकडं येऊ नका. आलात तर मी परत जेवायला वाढीन आणि आपण दोघं परत तिथंच अडकू.

तुमच्यावर राग नाही. लिहायला घेतलं तेव्हा होता, आता शोधतेय तर सापडत नाही. तुम्ही घाबरट आहात, मी उतावळी आहे. दोन चांगली माणसं आहोत, एवढं त्या साहेबबाईला कुणीतरी नीट हिंदीत सांगायला हवं होतं.

सायलीला काही सांगितलेलं नाही. तिनं विचारलं, कसं झालं, मी म्हटलं, गाडीला गर्दी होती.

एक राहिलं. तुमच्या भावजयीच्या आमटीत मीठ फार असतं. तुम्हाला बीपी आहे, हे तिला माहीत नाही, तिच्या वाढण्यावरून दिसलं. मी तिथंच तोंड उघडलं होतं. मग मिटलं. मी कोण सांगणारी? तुम्हीच सांगा.

शालन